फ्रान्सच्या गावांतून गाडीने : कुटुंबासह सफरीची आखणी

फ्रान्स म्हटले की आपल्या घरांत दोन गोष्टी आठवतात. एक आयफेल टॉवर आणि दुसरी हिजाबवरच्या बंदीची बातमी. या दोन्हींपलीकडे आणखी एक फ्रान्स आहे. नदीकाठची दगडी गावे, अक्रोडाच्या बागा, आठवडी बाजार आणि एका गावातून दुसऱ्या गावात नेणारे अरुंद पण स्वच्छ रस्ते. तो पाहायचा तर रेल्वे किंवा टूर कंपनीची बस फारशी कामाची नाही. गाडी भाड्याने घेऊन स्वतःच चालवावी लागते.

गेल्या मे महिन्यात आम्ही घरातले पाच जण अशा दोन आठवड्यांच्या सफरीला जाऊन आलो. आम्ही दोघे नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेल्या आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या अम्मी, कॉलेजात जाणारी लेक आणि सातवीतला मुलगा. आखणी सुरू होताच लेकीने एक अट घातली, "डोक्यावरचा स्कार्फ काढावा लागणार असेल तर मी घरीच राहीन." अम्मींची अट त्याहून साधी होती. नमाज चुकू नये आणि ताटात काय आहे ते कळावे. या दोन अटी पाळून फ्रान्सची खेडी पाहता येतात का, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. येतात. मात्र त्यासाठी आखणी हॉटेलपासून नव्हे, याच अटींपासून सुरू करावी लागते. ती आम्ही कशी केली ते येथे देत आहोत.

आधी हिशेब

परदेशी सहलीचा विषय निघाला की मुस्लिम घरात एक सवाल येतोच, आणि तो यायलाच हवा : हज आधी की सहल आधी? ज्यांच्यावर हज फर्ज झाला आहे त्यांनी ते पैसे आधी बाजूला काढावेत. सहल त्यानंतरची. अम्मींचा हज अब्बांच्या हयातीत झाला होता आणि आमचाही झालेला होता, म्हणूनच हा बेत पुढे सरकला. दुसरी गोष्ट व्याजाची. हप्त्यांवर सहल घडवणाऱ्या जाहिराती आता घरोघर पोहोचल्या आहेत. आम्ही दोन वर्षे पैसे साठवले आणि जेवढे साठले तेवढ्यात बसेल असाच मार्ग आखला.

गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या अनामत रक्कम अडकवून ठेवण्यासाठी बहुधा गाडी चालवणाऱ्याच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. अनेक घरांत असे कार्ड ठेवत नाहीत. त्यांनी गाडी नक्की करण्याआधीच डेबिट कार्ड चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे. काउंटरवर पोहोचल्यावर विचारणे उशिराचे ठरते.

व्हिसा शेंगेनचा लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतील मुलांसाठी ४५ युरो आणि ६ वर्षांखालील मुलांना माफ. शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि राहण्याच्या जागेचे पुरावे जोडावे लागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात मुंबईतून जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून तारीख लवकर घ्यावी.

महिना कोणता?

आपल्याकडे शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि फ्रान्सच्या खेड्यांसाठीही मे उत्तम. हवा सौम्य, रस्ते मोकळे, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी व चढे भाव अजून सुरू झालेले नसतात. पण दिवस लांब असतो हे ध्यानात ठेवावे. मेच्या मध्यावर नैर्ऋत्य फ्रान्समध्ये जोहर दुपारी दोनच्या सुमारास सुरू होते, मगरिब रात्री सव्वानऊनंतर आणि इशा अकरानंतर. जूनमध्ये हे आणखी पुढे सरकते. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर सकाळी उशिरा निघणे आणि दुपारी विश्रांती घेणे हे वेळापत्रकातच लिहून ठेवावे. ज्यांना सुट्टीचे बंधन नाही त्यांनी सप्टेंबर निवडावा. तेव्हा सूर्य आठच्या आसपास मावळतो.

मे महिन्यात १ आणि ८ तारखेला फ्रान्समध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्यात आणखी एक-दोन धार्मिक सुट्ट्यांची भर पडू शकते. खेड्यातली दुकाने एरवीही दुपारी दोन तास आणि रविवारी दुपारनंतर बंद असतात. म्हणून शनिवारी किराणा भरणे हा तिथल्या घरांचा नियम आहे. आम्हीही तो पाळला.

मार्ग लहान, मुक्काम लांब

नकाशा उघडला की हात सुटतो. पॅरिस, आल्प्स, समुद्रकिनारा, सारेच हवेसे वाटते. आम्ही फक्त नैर्ऋत्य आणि दक्षिण फ्रान्सचा एक पट्टा निवडला. विमानाने पॅरिस आणि तिथून वेगवान रेल्वेने प्वातिए. गाडी प्वातिएला घेतली. पॅरिसच्या वाहतुकीत उजव्या बाजूने चालवण्याचा पहिला धडा गिरवण्यात अर्थ नाही. प्वातिएहून सुमारे २६० किलोमीटरवरील सार्ला गावाजवळ एक आठवडा, मग कार्कासोनजवळ तीन रात्री, नारबोनवरून नीमला दोन रात्री. गाडी नीमला परत केली आणि रेल्वेने तीन तासांत पॅरिस. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर जादा शुल्क पडू शकते, ते भाव विचारतानाच धरून चालावे.

राहण्यासाठी हॉटेल नव्हे, 'जीत' घ्यावे. जीत म्हणजे खेड्यातले सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे पूर्ण घर. स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र, अंगण, सारे असते. जीतांची राष्ट्रीय संघटना १९५५ पासून आहे आणि ती घरांना गव्हाच्या ओंब्यांच्या चिन्हाने एक ते पाचपर्यंत दर्जा देते. भाडे बहुधा शनिवार ते शनिवार असते. पाच जणांत विभागले तर ते दोन हॉटेलखोल्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तळमजल्यावर एक झोपायची खोली असावी असे आम्ही मालकांना आधीच कळवले. अम्मींना जिना चढावा लागला नाही, हीच निम्मी सफर जिंकल्यासारखे झाले.

गाडी आणि रस्ता

आपल्या लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो. या कामासाठी काही दिवस हाताशी ठेवावेत. फ्रान्समध्ये गिअरची गाडी सर्रास मिळते. पण तिथे गिअरचा दांडा उजव्या हाताला असतो आणि आपला सराव डाव्या हाताचा. चार पैसे जास्त गेले तरी ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, आणि नवरा-बायको दोघेही चालवणार असतील तर दोघांची नावे करारात लिहून घ्यावीत. डिक्कीत पाच जणांचे सामान मावेल का, हेही पाहावे. एका माणसामागे एकच मध्यम बॅग, असा आमचा ठराव होता.

रस्त्यावरचे काही नियम घरीच पाठ करावेत. गावाच्या नावाची लाल किनारीची पाटी दिसली की वेग ताशी ५० किलोमीटर, वेगळी पाटी असेल तर त्याहूनही कमी. तीच पाटी तिरपी रेघ मारलेली दिसली की गाव संपले. गावाबाहेर दुपदरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०, काही जिल्ह्यांत ९०. द्रुतगती मार्गावर १३०, पण पाऊस असेल तर ११०. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे. सर्वांत चकवणारा नियम उजवीकडचा : चौकात कोणतीही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, मग तो गल्लीतून का येईना. 'स्टॉप'च्या पाटीवर चाक पूर्ण थांबले पाहिजे. दहा वर्षांखालील मुले मागे, त्यांच्या मापाच्या आसनावर. हॉर्न केवळ धोका टाळण्यासाठी. कशेडी किंवा कुंभार्ली घाट ज्यांनी चालवला आहे त्यांना तिथल्या वळणांची भीती वाटणार नाही. सवय मोडावी लागते ती हॉर्नची आणि डाव्या बाजूची.

पंपावर डिझेलला 'गाझॉल' म्हणतात. सुपरमार्केटचे पंप स्वस्त असतात, पण तिथे अनेकदा माणूस नसतो, पिन असलेले कार्ड लागते. द्रुतगती मार्गांवर थोड्याथोड्या अंतरावर विश्रांतीची ठिकाणे आहेत. स्वच्छतागृह, पाण्याचा नळ, झाडाखाली लाकडी बाके. वुजू करून हिरवळीच्या एका कडेला चटई अंथरायला ही जागा सोयीची. आम्ही शांतपणे एका बाजूला नमाज पढलो, कोणी हटकले नाही. आणि एक लोटा डिक्कीत असू द्या. तिथल्या स्वच्छतागृहांत केवळ कागद असतो.

सफरीतली नमाज

मुक्काम किती दिवसांचा, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ भाड्याचा नाही. सफर सुमारे ८० किलोमीटरच्या पुढची असली की जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशीच राहते. पण किती दिवस थांबले की मुसाफिर मुकीम ठरतो, याबाबत मसलकांत फरक आहे. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस राहण्याचा इरादा असेल तर कसर संपते. शाफई मतानुसार येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांचा मुक्काम ठरला की पूर्ण नमाज. कोकणातील आमच्यासारखी बहुतेक घरे शाफई आहेत. म्हणून सार्लाजवळच्या आठवड्यात आम्ही पूर्ण नमाज पढलो, आणि कार्कासोनच्या तीन रात्रींत कसर केली. प्रवासाच्या दिवशी शाफई मतात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याचीही मुभा आहे. लांब पल्ल्याच्या दिवशी अम्मींना तिचा मोठा दिलासा वाटला. आपल्या घराचा मसला आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून वहीत लिहून घ्यावा.

किब्ल्याबद्दलही एक सूचना. आपल्याकडे किब्ला म्हणजे मावळतीची बाजू, हे अंगवळणी पडलेले असते. फ्रान्समध्ये किब्ला आग्नेयेला आहे, जवळजवळ उलट दिशेला. घरात शिरताच होकायंत्राने दिशा पाहून भिंतीजवळ चटई टाकून ठेवावी, म्हणजे फजरच्या अंधारात घोळ होत नाही.

ताटात काय?

सार्लाचा परिसर बदकाच्या चरबीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे बटाटेसुद्धा त्याच चरबीत परततात. म्हणजे 'भाजी आहे, खाऊ' असे म्हणून चालत नाही. कीशच्या वड्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे, कोंबडीच्या रश्श्यात द्राक्षाची दारू, काही केकमध्ये रम. आम्ही दहा शब्दांची चिठ्ठी करून मुलाच्या खिशात दिली होती. पोर, जांबों, लार्दों आणि सँदू म्हणजे डुकराचे काही ना काही. ग्रेस द कानार म्हणजे बदकाची चरबी. व्हँ म्हणजे वाइन, रम म्हणजे रम. झेलातिन म्हणजे जिलेटिन. प्रेझ्यूर म्हणजे चीज विरजण्याचे एन्झाइम, जे बऱ्याचदा जनावरापासून काढतात. दहावा शब्द 'सां', म्हणजे 'शिवाय'. 'सां पोर, सां आल्कोल' एवढे म्हटले की दुकानदाराला कळते. ही पाकिटे वाचण्याचे काम मुलाने मोठ्या जबाबदारीने केले.

हलाल मांस खेड्यात मिळत नाही, पण मोठ्या शहरांत उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची खाटीकखाने आहेत. पाटीवर 'बूशरी हलाल' असे लिहिलेले असते. आम्ही प्वातिएला आणि पुढे तुलूझला मांस घेतले, थंड डब्यातून नेले आणि जीतच्या फ्रीझरमध्ये ठेवले. मसाले घरून नेले होते. उरलेले दिवस बाजाराने भागवले. सार्लाला बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. मेमध्ये पेरिगोरच्या स्ट्रॉबेरी, वर्षभर अक्रोड आणि त्याचे तेल, मध, अंडी, ताजी भाजी. 'बागेत त्रादिस्यों' या पावाचे १९९३ च्या सरकारी आदेशाने नियम ठरले आहेत. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, जवळपास एवढेच. क्रोआसाँ घेताना 'ओ बर', म्हणजे लोण्याचा, मागावा.

कुट्टूच्या पिठाची घावनासारखी 'गालेत' आम्हा सर्वांना आवडली. अंडे आणि चीज घालून मागितली की काम होते. या पिठाला फ्रेंच लोक 'साराझँ' म्हणतात. हा शब्द मध्ययुगात युरोपीय लोक मुसलमानांसाठी वापरत.

लेकीचा स्कार्फ

कायदा नीट समजून घेतला की निम्मी भीती जाते. २००४ चा कायदा सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. २०१० चा कायदा, जो २०११ पासून अमलात आला, तो सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्याला मनाई करतो आणि दंड १५० युरोंपर्यंत आहे. म्हणजे नकाब चालत नाही. डोक्यावरचा स्कार्फ रस्त्यावर, बाजारात, संग्रहालयात, हॉटेलात घालता येतो. ज्या भगिनी नकाब वापरतात त्यांनी हे जाणूनच फ्रान्सचा विचार करावा. सार्वजनिक तरणतलावांवर पूर्ण अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या कपड्यांना बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. यावर तोड म्हणजे कुंपणाआड स्वतःचा तलाव असलेले जीत. लेक आणि तिची आई तिथे निवांत पोहल्या.

नजरा वळल्या का? वळल्या. एका उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरून बराच वेळ पाहिले गेले. लेक अस्वस्थ झाली, पण उठली नाही. त्याच आठवड्यात बाजारातल्या एका वृद्ध बाईंनी तिच्या स्कार्फचा रंग वाखाणला आणि स्ट्रॉबेरीची एक मूठ जास्त घातली. दोन्ही खरे आहे. एका गोष्टीने मात्र रोज फरक पडला. फ्रेंच खेड्यात दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणायचे असते. न म्हणता काही विचारले तर ते उद्धटपणाचे समजतात. आपल्याकडे पहिल्यांदा सलाम करण्याला जे मोल आहे तेच इथे. अम्मींनी हा एकच फ्रेंच शब्द शिकला आणि सर्वांत आधी त्याच म्हणत.

रस्त्यात भेटणारा आपला इतिहास

हा पट्टा निवडण्यामागे आणखी एक कारण होते. प्वातिएच्या ईशान्येला सुमारे वीस किलोमीटरवर मूसे-ला-बाताय नावाची वस्ती आहे. सन ७३२ मध्ये अंदलुसचे अमीर अब्दुर्रहमान अल-गाफिकी आणि फ्रँकांचा सेनापती शार्ल मार्तेल यांची लढाई याच भागात झाली असे मानतात. नेमक्या जागेबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. अमीर त्या लढाईत पडले. अरबी इतिहासात तिला 'बलात अश्शुहदा' म्हणतात. आज तिथे शेते आणि माहितीचे फलक आहेत. मुलाला शाळेत हा धडा नव्हता. त्याने तो इथे उभा राहून ऐकला.

दक्षिणेला नारबोन शहर ७१९ ते ७५९ अशी चाळीस वर्षे मुसलमानांच्या ताब्यात होते. अरबीत त्याचे नाव अरबूना. जवळच्या कार्कासोनच्या तटबंदीच्या दाराशी 'दाम कार्कास' या सारासेन राणीचा पुतळा आहे. दंतकथा सांगते की शार्लमान राजाचा वेढा पडला तेव्हा तिने शेवटचे गहू एका डुकराला चारून ते तटावरून खाली फेकले. आत धान्य भरपूर आहे असे वाटून वेढा उठला. मुलाचा प्रश्न चोख होता : मुसलमान राणीच्या शहरात डुक्कर कुठून आले? कथा रचणाऱ्यांना तो सुचला नसावा. इतिहासही वेगळाच आहे. हा मुलूख शार्लमानच्या वडिलांनी, पेपँ यांनी, जिंकला होता.

नीममध्ये खोदकामात तीन कबरी सापडल्या. मृतदेह उजव्या कुशीवर, चेहरा मक्केच्या दिशेला. हाडांच्या तपासणीवर आधारित संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार त्या सातव्या ते नवव्या शतकातल्या आहेत. फ्रान्समध्ये आजवर सापडलेल्या त्या सर्वांत जुन्या मुस्लिम कबरी. कोणत्या गावाहून आलेली ती माणसे, कोणी दफन केली, हे कोणी सांगू शकत नाही. नीममध्ये अम्मींनी गाडीतच त्यांच्यासाठी फातिहा पढली.

याशिवाय पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १९४० मध्ये चार मुलांना सापडलेली लास्कोची चित्रगुहा मूळ चित्रे जपण्यासाठी १९६३ पासून बंद आहे, पण २०१६ मध्ये उघडलेली तिची हुबेहूब प्रतिकृती मोंतिन्याक गावात आहे. ब्रीव्हजवळचे कोलोंझ-ला-रूझ हे लाल दगडाचे गाव. देशातील सुंदर खेड्यांच्या संघटनेची सुरुवात १९८२ मध्ये इथूनच झाली. दोर्दोन्य नदीत सपाट बुडाच्या होडीतून तासाभराचा फेरा. म्हाताऱ्या माणसांना तो सोसतो आणि काठावरची गावे आपोआप समोरून सरकतात.

निघण्याआधी

एका वहीत एवढे असावे : मुक्कामांचे पत्ते आणि फोन, प्रत्येक दिवसाचे किलोमीटर (आम्ही मुक्काम बदलण्याचा दिवस सोडला तर ८० च्या वर जाऊ दिले नाही), त्या दिवसांच्या नमाजांच्या वेळा, वाटेतील हलाल दुकाने, म्हाताऱ्यांच्या औषधांची नावे आणि तातडीचा ११२ हा क्रमांक. आठवड्यातला एक दिवस पूर्ण कोरा ठेवावा. आमच्या कोऱ्या दिवशी पाऊस पडला. अम्मींनी जीतच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि घरमालकीणबाईंना एक ताट पाठवले. ताट परत आले ते अक्रोडांनी भरून. लेकीने पुढच्या वर्षासाठी नकाशावर ब्रिटनीला खूण केली आहे. पैसे साठवायला घेतले आहेत. इन्शाअल्लाह.